हाकेला ओ

विचारत राहणे हा माझा जुना रोग आहे. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी फाटकापाशी जाऊन उभा राहतो, "आमचं काही?" चहाचे आधण ठेवल्यापासून चहा कपात पडेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्या तीन खेपा होतात. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट पाहताना दर पाच मिनिटांनी मी चौकशीच्या खिडकीशी जातो. एकदा खिडकीतले गृहस्थ हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्या बाकावर बसा. गाडी लागली की मीच तुम्हांला हाक मारतो!"

ही गोष्ट मी 2023 च्या दिवाळीत, फराळाच्या ताटांवर, हसण्यावारी सांगितली. सगळे हसले. माझी पुतणी मात्र हसली नाही. चकलीचा तुकडा तसाच हातात धरून ती म्हणाली, "काका, आमचा सगळा धंदा त्या माणसाच्या एका वाक्यावर चालतो."

पुतणी हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. ती काय करते, हे मी तिला चार वर्षे विचारत होतो आणि ती चार वर्षे "प्रोग्रॅम लिहिते" एवढेच सांगत होती. शाळेत पस्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला याहून अधिक सांगून उपयोग नाही, असे तिला वाटत असावे. त्या दिवशी मात्र खिडकीतल्या गृहस्थांनी आमच्यातली खिडकी उघडली.

तिच्या कामाला 'रिअॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंग' म्हणतात. नाव मोठे, गोष्ट सोपी. संगणकाला बाहेरचे काही कळून घ्यायचे असले, तर दोन वाटा असतात. एक माझी वाट: दर पाच मिनिटांनी जाऊन विचारायचे, "आलं का? आलं का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असते, विचारणारा दमतो आणि सांगणाराही वैतागतो. दुसरी वाट खिडकीतल्या गृहस्थांची: तू नाव नोंदवून ठेव, काही घडले की मीच कळवीन. "दिवाळी अंकाचे वर्गणीदार नसतात का?" पुतणी म्हणाली. "ते काय रोज जाऊन अंक निघाला का म्हणून विचारतात? वर्गणी भरली की निवांत. अंक निघाला की घरी येतो." आणि आल्यावर काय करायचे, तेही आधी सांगून ठेवायचे. पैसे जमा झाले की पावती धाडायची. कुणी बोट टेकवले की पान उघडायचे. घटना घडत राहतात, एकामागून एक येत राहतात आणि त्यांची एक धार होते. त्या धारेला ती मंडळी 'स्ट्रीम' म्हणतात.

"म्हणजे पाट!" मी म्हणालो.

ती थबकली. मग म्हणाली, "हो. पाटच."

पाटाच्या बाबतीत मला कुणी शिकवण्याचे कारण नाही. माझे वडील नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. 1876 च्या दुष्काळाने दख्खनची दैना केली, त्यानंतर सरकारने हा कालवा काढला. 1885 च्या सुमारास त्यात पाणी खेळू लागले. वीरजवळ नीरेचे पाणी उचलून तो पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे 160 किलोमीटर चालत जातो. बारामती गावातून जाताना तो एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखा ऐटीत दिसतो. इंदापूरच्या टोकाला पोचेपर्यंत मात्र वऱ्हाडातली निम्मी मंडळी वाटेतच जेवून परतलेली असतात. आमची चार एकर जमीन त्या टोकाला. म्हणून पाण्याची वाट पाहणे हे आमच्या घराण्यातच आहे.

मग मी पुतणीची परीक्षा घेतली आणि तिने माझी. ती म्हणाली, धारेतून हवे तेवढेच घ्यायचे, नको ते सोडून द्यायचे. मी म्हणालो, चारीच्या तोंडाशी काटक्या अडवायला जाळी लावतात तसे. ती म्हणाली, दोन धारा एकीत मिसळायच्या. मी म्हणालो, विहिरीचे पाणी पाटात सोडतात तसे. ती म्हणाली, कधी कधी लगेच काही करायचे नसते. कुणी शोधायचा शब्द टंकत असला, तर अक्षरागणिक धावायचे नाही, बोट जरा थांबू द्यायचे आणि मग शोधायला निघायचे. मी म्हणालो, पाटाला प्रथम येते ते गढूळ, फेसाळ पाणी. दोन घटका थांबून, धार बसली की मग वाफा फोडायचा.

"आणि धारच जास्त आली, शेताला पेलेना, तर?" तिने विचारले.

"तर वर निरोप द्यायचा, दार खाली कर म्हणून. नाहीतर चारी फुटते."

हे ऐकून तिला फार आनंद झाला. त्यांच्यात याला 'बॅकप्रेशर' म्हणतात म्हणे. पाठवणारा जलद, घेणारा सावकाश, मग मधे माहिती तुंबते आणि प्रोग्रॅम फुटतो. यावर 2013 पासून मोठमोठ्या कंपन्यांतल्या माणसांनी एकत्र बसून नियम ठरवले आणि 2017 साली ते जावा नावाच्या संगणकभाषेतही आले. नियम असा, की घेणाऱ्याने आधी सांगायचे, 'मला आता दहाच पाठव'; पाठवणाऱ्याने अकरावे पाठवायचे नाही. माझ्या वडिलांनी हा नियम जन्मभर पाळला. फरक इतकाच, की त्यांना त्यासाठी कुणी कंपनीत घेतले नाही.

कल्पना तशी पुष्कळ जुनी आहे. 1979 साली व्हिसिकॅल्क नावाची संगणकावरची हिशेबवही निघाली. तिच्यात एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या बेरजा आपोआप बदलत. कुणी त्यांना 'उठा, आकडा बदलला' असे सांगावे लागत नसे. 1997 साली कोनाल एलियट आणि पॉल हुडाक या दोघांनी काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी प्रोग्रॅममध्ये कशा मांडाव्यात, यावर निबंध लिहिला. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या मंडळींनी 2009 साली घटनांच्या धारांसाठी हत्यारांची एक पेटीच बाहेर काढली. पण आमच्या पुणे जिल्ह्याला याचे अप्रूप वाटायचे कारण नाही. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवली होती. पाणी ठरल्या रेघेच्या वर गेले की त्या पाण्याच्याच जोरावर दार चाले. रात्री पाऊस कोसळतो आहे, माणूस झोपला आहे आणि पाणीच पाण्याला वाट देते आहे. ज्या भाटघर धरणाचे पाणी आमच्या कालव्याला येते, तिथेही असली आपोआप उघडणारी दारे आहेत. लहानपणी मला ती भुताटकी वाटे.

भुताटकी नसलेली एक गोष्ट मात्र आमच्या शेतात होती. ती होती दादाची हाक.

दादा माझा थोरला भाऊ, पुतणीचा बाप. साल 1966; तो चौदाचा, मी नऊचा. आमची पाळी रात्रीची असे. टोकाच्या माणसाला दिवसाचे पाणी मिळते, असे मी अजून ऐकलेले नाही. चारीला जिथे फाटा फुटतो तिथे दादा फावडे घेऊन उभा राही आणि खाली, उसाच्या सरीच्या शेवटी, कंदील घेऊन मी. मधे काळामिट्ट ऊस. दादा वरून हाक मारी, "आलं का रं?" सरीत पाणी पोचले असले, तर मी म्हणायचे, "ओ! आलं!" पोचले नसले, तर "ओ! न्हाई!" दोन्ही उत्तरांत 'ओ' आधी. वडिलांची तशी सक्त ताकीद होती.

एका रात्री मी बांधावर बसल्या बसल्या झोपलो. सरी भरली, बांध फुटला, पाणी शेजाऱ्याच्या रानात शिरले. दादाने तीनदा हाक मारली. ओ आली नाही. तो फावडे टाकून अनवाणी, उसाच्या पात्यांनी अंग कापून घेत पळत आला. आधी त्याने मला छातीशी कवटाळले आणि मग, मी नुसताच झोपलो होतो हे लक्षात आल्यावर, एक सणसणीत थोबाडीत दिली. त्याला वाटले होते, मला पान लागले.

वाया गेलेल्या पाण्याबद्दल आता वडीलही मारतील, म्हणून आम्ही दोघे घाबरून घरी गेलो. पण ते पाण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. दादाला म्हणाले, "बरं केलंस. पाणी गेलं तर फुडच्या पाळीला येतं. ओ आली न्हाई तर पळायचं असतं."

हे वाक्य मी विसरलो होतो, असे मी म्हणणार नाही. वर्गात हाक आणि ओ या शब्दांवर बोलताना ते मी किती पिढ्यांना सांगितले असेल! पण शाळेत सांगितलेली वाक्ये आपल्याला स्वतःला लागू आहेत, असे मास्तराला सहसा वाटत नाही.

त्या दिवाळीच्या गप्पांचा परिणाम असा झाला, की पुतणीने बापाच्या शेतात एक पेटी बसवायचे ठरवले. त्यात नवल नव्हते. शेताने माणसाशी बोलावे, हे बारामतीला आता नवे राहिलेले नाही. इथल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसाच्या शेतात जमिनीतली ओल, हवामान आणि उपग्रहाची चित्रे एकत्र करून शेतकऱ्याच्या फोनवर सल्ला देण्याचा प्रयोग मांडला. 2025 च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीही त्याचे नाव घेतले. पुतणीची पेटी त्यामानाने घरगुती. जमिनीत एक काटा खुपसलेला. ओल ठरल्या आकड्याखाली गेली आणि लाईट असली, की विहिरीवरची मोटर सुरू व्हायची. पुरेशी ओल झाली की बंद. दोन्ही वेळा तीन फोनांवर निरोप: दादाच्या, पुतणीच्या आणि माझ्या.

तोवर मी दादाला रोज रात्री आठ वाजता फोन करत असे. लाईट होती का? पाणी आलं का? जेवलास का? दादा वैतागून म्हणे, "अरे, रोज काय नवीन असतंय? काही झालं तर कळवीन की!" आता पेटीचे निरोप येऊ लागले. 'ओल कमी. मोटर सुरू.' दोन तासांनी, 'मोटर बंद.' मला ते निरोप दादाकडून आल्यासारखेच वाटत. हळूहळू माझा आठचा फोन सुटला. घरात सगळ्यांनी माझे कौतुक केले, की काकांचा विचारण्याचा रोग बरा झाला.

2023 चा पावसाळा आमच्याकडे कोरडाच गेला. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी मृतसाठ्याच्याही पार खाली गेले, पळसदेवचे पाण्यात बुडालेले देऊळ उघडे पडले. त्या मे महिन्यात वहिनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला लेकीकडे गेली होती. वस्तीवर दादा एकटा, दोन म्हशी आणि पेटी.

रविवारपासून पेटीचा निरोप आला नाही. मी मनात म्हणालो, ओल असेल पुरेशी. मे महिन्यात, इंदापूर तालुक्यात, ओल पुरेशी असेल! पण निरोप नाही म्हणजे तक्रार नाही आणि तक्रार नाही म्हणजे सगळे ठीक, अशी मनाची समजूत मी घातली. किंबहुना ती घालावीसुद्धा लागली नाही, आपोआप पडली. पुतणीचेही तेच झाले. सोमवार तसाच गेला.

मंगळवारी सकाळी नऊला फोन आला, तो गावातल्या दूध संकलन केंद्रावरच्या पोराचा. उंदराने पेटीची वायर कुरतडली होती. मोटर का लागत नाही, म्हणून दादा सोमवारी भर दुपारी विहिरीकडे गेला आणि मोटरच्या खोलीच्या पायरीवरून पडला. खुब्याचे हाड मोडले. फोन घरात चार्जिंगला लावलेला. शेजारची वस्ती हाकेच्या टप्प्याबाहेर. सोमवारची दुपार, संध्याकाळ आणि सबंध रात्र दादा तिथे पडून होता. त्याने हाका मारल्या असतीलच. ओ द्यायला कुणी नव्हते.

त्या पोराला कसे कळले? त्याच्याकडे पेटी नव्हती. दादाची दुधाची किटली सकाळ-संध्याकाळ केंद्रावर येते. सोमवारी संध्याकाळी आली नाही. पोराच्या वहीत दादाच्या नावापुढे घर मोकळे राहिले. एखादे वेळी होते, म्हणून तो थांबला. मंगळवारी पहाटेही घर मोकळेच राहिले, तेव्हा वही मिटून त्याने मोटारसायकल काढली. वस्तीवर म्हशी न पिळलेल्या, दावणीला हंबरत उभ्या. मग तो रानात शिरला.

शस्त्रक्रिया बारामतीत झाली. दादा शुद्धीवर आल्यावर पुतणी त्याच्या पायाशी बसून रडली. "माझ्या पेटीनं घात केला," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दादा म्हणाला, "पेटीचं काय चुकलं? उंदरानं खाल्ली बिचारीला." आणि मग जरा वेळाने, "म्हशी बऱ्या पण. वायर न्हाई त्यांना."

मी पलीकडे खुर्चीवर होतो. मला कुणी काही बोलले नाही. बोलले असते, तर बरे झाले असते.

त्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात पुतणीने मला तिच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगितली. ती आधी सांगायची राहिली होती. त्यांची धार तीनच गोष्टी बोलते: 'हे घे, पुढचे', 'चूक झाली', आणि 'संपले'. या तिन्हींवर काय करायचे, ते नीट लिहिलेले असते. पण धार नुसतीच गप्प झाली, तर? गप्प बसणे ही घटनाच नव्हे. कोरडा पाट आणि भरून शांत झालेला पाट, दोन्हींचा निरोप एकच, म्हणजे काहीच नाही. म्हणून जाणती माणसे दोन गोष्टी करतात. पाठवणाऱ्याला सांगतात, सांगण्यासारखे काही नसले तरी ठरल्या वेळाने 'मी आहे' एवढे म्हणत जा. त्याला ते हृदयाचा ठोका म्हणतात. आणि ऐकणाऱ्याला सांगतात, इतक्या वेळात काही आले नाही, तर ते न येणे हीच बातमी समज आणि पळ.

"हे मला ठाऊक होतं, काका," ती म्हणाली. "कंपनीत मी हे विसरत नाही. घरची पेटी म्हणून राहून गेलं."

मला काय म्हणायचे होते, ते मी म्हणालो नाही. मलाही ठाऊक होते. मी ते वयाच्या नवव्या वर्षी थोबाडीत खाऊन शिकलो होतो. चौदा वर्षांच्या पोराने तीन हाका ऐकू न आल्याबरोबर फावडे टाकले होते. सदुसष्ट वर्षांच्या पेन्शनर मास्तराने दोन दिवसांच्या शांततेवर निवांत झोप काढली होती. 'काही झालं तर कळवीन' हे वाक्य खोटे नाही. पण ज्याचे काही होते, तो नेमका कळवण्याच्या स्थितीत नसतो. वर्गणीदार होण्यात सुख आहे, यात शंका नाही. दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाण्यात शहाणपण नाही, हेही खरे. पण बाकावर बसलेल्या माणसाने मधून मधून खिडकीत माणूस आहे की नाही, एवढे तरी मान वर करून पाहिले पाहिजे.

पुतणीने पेटी दुरुस्त केली. आता ती तासातासाला 'आहे' म्हणते आणि दोन तास म्हणाली नाही, तर आम्हा तिघांचे फोन ओरडतात. गेल्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा ते ओरडले, आणि मी फोन हातात घेऊन घरभर पळालो. नंतर कळले, की दादा ओसरीवर बसून भजी खात होता. त्याला काही वाटले नाही. मला मात्र त्या फुकटच्या पळण्याने बरे वाटले.

दादा आता काठी घेऊन चालतो. किटली केंद्रावर नेण्याचे काम वहिनीने घेतले आहे. तिथला तो पोरगा अजून वही ठेवतो. यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो आणि फराळाचा डबा दिला, तेव्हा तो लाजून म्हणाला, "मास्तर, मी काय केलं? घर मोकळं दिसलं, एवढंच."

माझा आठचा फोन पुन्हा सुरू झाला आहे. फरक इतकाच, की आता बहुतेक दिवशी तो दादाच करतो. कालही आला. घरात पणत्या लावणे चालले होते, मुले भुईनळ्यांभोवती गोळा झाली होती, त्या गलक्यात मला नीट ऐकू येईना.

"काय रे दादा?" मी ओरडून विचारले.

"काय न्हाई," दादा म्हणाला.

"बरं," मी म्हणालो.

आणि आम्ही फोन ठेवला.